सातवी ओळ

गाडी मोठ्या सर्व्हिसिंगला द्यायची म्हटलं की उल्का आठवडाभर टाळाटाळ करायची. बेंगळुरूत येऊन चार वर्षं झाली होती आणि तेवढ्यात तिची तीन गॅरेजं बदलून झाली होती. तिसऱ्याने तर कहर केला. इंजिनाचा बेल्ट नवा घातलाय म्हणून छातीठोकपणे सांगितलं, आणि गेल्या दिवाळीत पुण्याला जाताना तोच जुना बेल्ट तुमकुरूच्या पुढे तुटला. मागच्या सीटवर पाच वर्षांची मुग्धा खोकत होती. दोन कोरडे खोकले, मग शिट्टीसारखा एक लांब श्वास. पुन्हा दोन खोकले. दम्याच्या पंपातलं औषध संपत आलेलं, आणि गाडी ओढून न्यायला माणसं आली दोन तासांनी. त्या दोन तासांत उल्का जितकी घाबरली होती तितकी आयुष्यात कधी घाबरली नव्हती.

मुग्धाला एसी बस सोसत नसे. येत्या शुक्रवारी आजोबांच्या पंचाहत्तरीला पुन्हा त्याच रस्त्याने जायचं होतं.

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. उल्काने फुंकायची रीत वडिलांनाच फोनवर विचारली. ते म्हणाले, "बदलायच्या पार्टांवर गुपचूप नेलपॉलिशचा ठिपका दे. काम झालं की जुने पार्ट मागून घे. ठिपके पिशवीत निघाले तर माणूस खरा. गाडीतच राहिले तर चोर."

तिने बॉनेट उघडून हाताला लागलेल्या सहा पार्टांवर हिरव्या नेलपॉलिशचा ठिपका दिला. मुग्धा हटून बसली, "मला पण!" मग तिच्याही उजव्या अंगठ्याच्या नखावर एक ठिपका दिला.

महांतेशचं नाव खालच्या मजल्यावरच्या कावेरीअक्कांनी सुचवलं होतं. "आमच्या बेळगावकडचा आहे. बदललेला स्क्रूसुद्धा हातात आणून देतो बघ."

गॅरेज मल्लेश्वरमच्या एका क्रॉसच्या, म्हणजे आडव्या गल्लीच्या टोकाला, शेवग्याच्या झाडाखाली होतं. तिथे रेडिओ नव्हता, हातोड्याचा आवाज नव्हता, फरशीवर तेलाचा डागही नव्हता. मागच्या भिंतीला छतापर्यंत फळ्या होत्या आणि त्यांवर पांढऱ्या फडक्यात बांधलेली गाठोडी. काही मुठीएवढी, काही बरीच मोठी.

"जुने पार्ट," महांतेश म्हणाला. "लोक न्यायला येत नाहीत. मी टाकत नसतोय, अक्का. ज्याचं त्याला."

उल्काला हायसं वाटलं. असाच माणूस तर ती शोधत होती.

"काय काय त्रास हाय, सगळं सांगा की. काही ठेवू नका." तो कार्डावर कन्नडमध्ये लिहून घेऊ लागला. लिहिण्याआधी प्रत्येक वेळी इंजिनाजवळ कान नेई, डोळे मिटून ऐके. उल्काने सहा गोष्टी सांगितल्या. तेवढ्यात मुग्धा खोकली.

महांतेशने मान वळवली. मागच्या खिडकीजवळ तसाच कान नेला, तसेच डोळे मिटले.

"हे कधीपासनं?"

"ते जुनंच आहे," उल्का म्हणाली. "जन्मापासूनचं."

"सरी, ठीक हाय." त्याने अजून एक ओळ लिहिली आणि कार्ड पुढे केलं. उल्काला कन्नड वाचता येत नव्हतं. चार वर्षं ती न वाचताच सह्या करत आली होती. इथेही केली.

ती दिवसभर खुर्ची टाकून समोर बसली. नजर हटवायची नाही असं ठरवलंच होतं. पण दुपारी ऑफिसचा कॉल आला आणि आत रेंज मिळेना. मुग्धा मागच्या सीटवर चित्र काढत होती. उल्का झाडाखाली गेली. चाळीस मिनिटं.

परत आली तेव्हा मुग्धा झोपली होती. श्वास अगदी साफ होता. इंजिनही सुरू होतं, आणि ते सुरू आहे हे हात ठेवल्यावरच कळत होतं.

"झालं बघा," महांतेश हात पुसत म्हणाला. "खराब तेवढंच बदललं."

चारच्या सुमाराला घरी येऊन तिने पिशवी जमिनीवर ओतली. सहा पार्ट, सहा हिरवे ठिपके. तिला नाचावंसं वाटलं. वाटेत मुग्धा एकदाही खोकली नव्हती.

कावेरीअक्का भजी घेऊन वर आल्या तेव्हा उल्काने कौतुकाने कार्ड दाखवलं. अक्कांनी चष्मा लावून वाचलं. बेल्ट, बदलला. एअर फिल्टर, बदलला. ऑइल फिल्टर, दोन होज, बॅटरीची वायर. सगळ्यांपुढे बरोबरची खूण.

"आणि सातवी ओळ काय लिहिलीय ही?" त्या हसल्या. "मागच्या सीटवरचा खोकला, म्हणे. जन्मापासून. बदललं. वेडाच आहे हा महांतेश!"

अक्का गेल्या. उल्काने पार्ट पुन्हा मोजले. सहाच.

मुग्धा खिडकीपाशी चित्र काढत होती. उल्काने जवळ बसून तिचा उजवा हात हातात घेतला.

अंगठ्याचं नख स्वच्छ होतं. खरवडल्याची खूणही नव्हती.

तिने डावा हात पाहिला. मग पायाची बोटं. ठिपका कुठेच नव्हता.

"काय शोधतेस, आई?" मुग्धाने गोड आवाजात विचारलं.

फोन वाजला.

"अक्का, महांतेश बोलतोय. एक जुना इथंच राहिला बघा. गडबड नाही, सवडीनं न्या. मी टाकत नसतोय."

त्याच्या आवाजामागे कुणीतरी खोकलं. दोनदा कोरडं. मग शिट्टीसारखा एक लांब श्वास.