बावीस पावलं

या, असे पुढे सरकून बसा, मायबापहो. प्रार्थना झाली, स्तोत्रं गाऊन झाली, मेणबत्त्या अजून जळताहेत आणि बाहेर लख्ख ऊन आहे; घरी जायची घाई कुणालाच नसावी. आपल्याच डोंगराची, आपल्याच माणसाची एक गोष्ट सांगतो. भुताखेतांची नाही. भूत असतं तर पाद्रीबाबांनी तीर्थ शिंपडून घालवलं असतं. एका भल्या माणसाच्या एका खोटेपणाची ही गोष्ट. देव दयाळू आहे एवढं मनात धरा आणि ऐका.

आपल्या वालेनी गावात सेवास्तियान हुत्सानु राहायचा. एकाहत्तर वर्षांचा, काटकुळा, शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबायचा. गावातल्या जमिनी सरकारने एकत्र केल्या त्या वसंतात, बासष्ट साली, बांधांवरून पहिला ट्रॅक्टर त्यानेच फिरवला. बायका बांधावर बसून रडत होत्या. त्याने खाली मान घातली आणि नांगरत राहिला. म्हणून कुणाचा बांध कुठून कुठे जायचा, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग एकोणनव्वद साली कम्युनिस्टांची राजवट कोसळली. त्या डिसेंबरात लोकांना आनंदाचं इतकं वेड लागलं की सामुदायिक शेतीच्या कचेरीतली कपाटं फोडून सगळी दप्तरं त्यांनी चौकात पेटवली आणि भोवती फेर धरला. सेवास्तियानही नाचला. त्या जाळात जमिनीचे नकाशेही गेले, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सव्वा वर्षाने कायदा आला, ज्याची जमीन त्याला परत. आता नकाशे आणायचे कुठून? ठरलं, म्हाताऱ्यांनी साक्ष द्यायची. वरच्या उताराचे बांध आठवणारा म्हातारा एकच उरला होता.

आणि त्याच उतारावर त्याची स्वतःची जमीन होती, आग्लायाच्या जमिनीला लागून. आग्लाया म्हणजे प्रोफिरची विधवा. एकटी राहायची, जिभेला धार. दोघांमधला खरा बांध जुन्या पेअरच्या झाडापासून निघून सरळ खाली ओहोळापर्यंत जायचा. झाड केव्हाच तोडलेलं. बांधापलीकडे, आग्लायाच्या बाजूला, एका सुकलेल्या चरापर्यंत बावीस पावलांचा एक पट्टा होता. दिवसभर ऊन, खाली चुनखडीची माती. द्राक्षांना त्याहून चांगली जागा अख्ख्या खोऱ्यात नाही.

सेवास्तियानचा मुलगा घेनादिए शहरातला कारखाना बंद पडल्यावर घरी आला होता. द्राक्षमळ्याशिवाय त्याच्या तोंडी दुसरा विषय नसायचा.

"बाबा, बांध सुकलेल्या चरापाशी होता असं सांगा."

"नव्हता रे तिथे."

"कोण म्हणतं नव्हता?"

"मी म्हणतो."

"तेच तर. तुमच्याशिवाय म्हणणारं आहे कोण?"

ऑक्टोबरात मोजणीची समिती आली. इंजिनिअरसाहेब, हातात खुंट्यांची मोळी घेतलेला शिपाई आणि मागून निम्मं गाव. सेवास्तियानने चराकडे बोट केलं. आग्लाया पुढे आली. हातात फावडं होतं. तिने गवतासकट मातीचं एक ढेकूळ कापलं, भाकरीएवढं, आणि त्याच्यापुढे धरलं.

"बोटाने नको दाखवूस, दादा. हे डोक्यावर घे आणि चालून दाखव. आपले आजे-पणजे दाखवायचे तसं."

इंजिनिअर हसला. "मावशी, आपल्याला आता युरोपात जायचंय, आणि तुम्ही डोक्यावर माती घ्यायला लावता?"

"युरोपात खुशाल जा, साहेब. पण माझ्या रानातून जाऊ नका."

लोक खदखदून हसले. सेवास्तियान हसला नाही. ढेकूळ डोक्यावर घेऊन जो खोट्या बांधावरून चालेल, त्याला ती माती या जगी सोडत नाही आणि त्या जगीही सोडत नाही, हे त्याने आईच्या मांडीवर ऐकलं होतं. त्याने घेनादिएकडे पाहिलं. पोरगा खुंट्या मोजत होता.

त्याने टोपी काढली आणि ढेकूळ डोक्यावर घेतलं.

माती गार होती. बारीक ओल मानेवरून पाठीत उतरली. चराच्या कडेने तो चालत गेला, दोनशे पावलं. अर्ध्या वाटेत त्याला वाटलं, ढेकूळ जरा नीट बसलं, डोक्यावर कुणी हात ठेवावा तसं. खाली पोचल्यावर त्याने ते उतरवलं. शिपायाने खुंट्या ठोकल्या. आग्लाया फावडं पुसून घरी गेली.

संध्याकाळी सेवास्तियानने डोकं धुतलं, दोनदा. पाणी दोन्ही वेळा गढूळच आलं.

चौथ्या दिवशी जेवताना त्याच्याखालचं स्टूल मोडलं. घेनादिए म्हणाला, "जुनं होतं, बाबा." आठवड्याने अंगणातली पावलं पाहून तोच म्हणाला, "कुणाचा बैल शिरला होता का?" पावलं बुटाची होती. पाऊस नव्हता, जमीन वाळलेली होती, आणि टाच बोटभर खोल गेली होती.

मग घोडी. मक्याची पोती गाडीत लादून बापलेक गिरणीकडे निघाले, तर चढावर ती थांबली. सेवास्तियान खाली उतरला, ती चालू लागली. तो पुन्हा बसला, ती थांबली आणि तिचे पाय थरथरू लागले. पोती गाडीतच होती. घेनादिए लगाम धरून समोर बघत राहिला. बापाकडे बघायचं त्याने टाळलं.

गिरणीत धान्याचा काटा होता. कुणाचं लक्ष नाही असं पाहून सेवास्तियान त्यावर उभा राहिला. उन्हाळ्यात याच काट्यावर तो अठ्ठावन्न किलो भरला होता. आता सत्त्याण्णव.

"काटा बिघडलाय, सेवास्तियानदादा," गिरणीवाला मागून म्हणाला. त्याने पन्नास किलोचं पोतं काट्यावर टाकलं. काट्याने पन्नासच दाखवले. गिरणीवाल्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि पोतं आत नेलं.

नाताळपर्यंत पट्टा कंबरेला तीन भोकं आत गेला होता. गालांची हाडं वर आली होती. आणि काटा एकशे चाळीसवर गेला होता.

तो पाद्रीबाबांकडे गेला, गुडघे टेकले, सगळं सांगितलं. रिवाजाप्रमाणे पाद्रीबाबांनी गळ्यातल्या लांब विधिवस्त्राचं टोक त्याच्या डोक्यावर टाकलं, वर हात ठेवला आणि क्षमेची प्रार्थना म्हणू लागले. आपल्या पाद्रीबाबांचा आवाज तुम्हाला ठाऊक आहे, ऐकताना दगडालाही पाझर फुटावा. त्या दिवशी तो मध्येच तुटला. त्यांनी हात काढून घेतला आणि तळवा झग्याला पुसला.

"आग्लायाकडे जा," ते म्हणाले. "आजच जा."

आग्लाया चुलीपाशी मामालिगा ढवळत होती. मक्याच्या पिठाचा वास घरभर पसरला होता. सेवास्तियान दारातच उभा राहिला.

"आग्लाये, मी खोटं चाललो."

"ठाऊक आहे मला."

"मग बोलली का नाहीस तेव्हा?"

"माझं ऐकलं असतं कुणी? म्हातारी हावरट आहे म्हणाले असते. म्हणून तर ढेकूळ दिलं." तिने भांडं उतरवलं. "ये, बस. किती वाळलास रे!"

"माफ कर मला."

"केलं. तू खाली पोचलास तेव्हाच केलं. मला काय, किती दिवस राहिलेत?"

तो वाट बघत राहिला. मानेवरचं काही उतरलं नाही. आग्लायाने त्याच्या पायांकडे पाहिलं. घरातली जमीन चोपून गुळगुळीत केलेली होती, आणि त्याचे बूट घोट्यापर्यंत आत गेले होते.

"माझी माफी पुरत नाही, दादा," ती हळूच म्हणाली.

तो कचेरीत गेला. इंजिनिअर म्हणाला, "मालकीपत्रं छापून आली, आजोबा. शिक्के बसले. आता कोर्टात जा, पाच-सात वर्षांत निकाल लागेल." तो घरी आला. घेनादिए अंगणात वेलींची रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळत होता.

"बाबा, अर्धा मळा लावून झालाय. आता मागे फिरू नका."

"पोरा, मला उभं राहवत नाही."

"म्हणजे?" घेनादिएने शेवटी बापाकडे पाहिलं. आणि मान फिरवली.

मार्चमध्ये एका दुपारी, लख्ख उन्हात, सेवास्तियान काठी टेकत वरच्या उताराकडे निघाला. घेनादिए रोपं लावत होता. आग्लाया तिच्या बाजूला मक्याची वाळलेली ताटं जाळत होती. दोघांनीही त्याला पाहिलं.

पेअरचं झाड होतं तिथे तो थांबला. खिशातल्या सुरीने गवतासकट एक ढेकूळ कापलं. टोपी काढून खाली ठेवली.

आणि खऱ्या बांधावरून चालू लागला.

पहिली पावलं घोट्याएवढी खोल गेली.

मग पोटरीएवढी. तो पाय उपसून काढायचा आणि पुढे टाकायचा.

"बाबा!" घेनादिए ओरडला.

गुडघ्याएवढी.

मातीचा आवाज येत नव्हता. पक्षीही बोलत नव्हते.

ओहोळापाशी तो पोचला. दोन्ही हातांनी ढेकूळ उतरवलं आणि निजलेलं मूल ठेवावं तसं खाली ठेवलं. मग त्याच्याशेजारी बसला.

घेनादिए धावत आला तेव्हा म्हातारा गेलेला होता. त्याने बापाला उचललं, आणि तो स्वतःच मागे तोल जाऊन पडता पडता वाचला. कणसं काढून घेतलेल्या ताटांची पेंढी उचलावी, तसा बाप हातात आला होता.

ते ढेकूळ मात्र हललं नाही. आधी घेनादिएने जोर लावला, मग चौघांनी पहार घातली, शेवटी साखळी बांधून घोडी जुंपली. साखळी तुटली. तिसऱ्या दिवशी घेनादिएने आपल्या हातांनी बावीस पावलांतल्या सगळ्या वेली उपटल्या आणि चरापाशी ठोकलेल्या खुंट्याही. कागदावर तो पट्टा आजही हुत्सानुंचाच आहे. पेरते आग्लाया.

सेवास्तियानला अंघोळ आग्लायानेच घातली. तिने आपणहून मागून घेतलं ते काम. नंतर आतून दार लावून घेतलं, आणि त्याला बाहेर आणलं तेव्हा डोक्यावर टोपी होती. आपल्याकडे पुरुषाला उघड्या डोक्याने पुरतात; पाद्रीबाबांनी टोपीला हात घातला तर तिने तो धरला. पुढे कधीतरी तिने मला सांगितलं. केस विंचरायला घेतले तर कंगवा अडला. पांढरी बारीक मुळं होती, गवताची. आधी तिला वाटलं, ढेकळाची अडकली असतील. ओढून पाहिलं. ती अडकलेली नव्हती. तिथूनच उगवली होती, आणि टोकं ओली होती.

तेव्हा मायबापहो, येत्या शनिवारी मृतांसाठी शिजवलेले गहू वाटाल, तेव्हा आपल्या माणसांच्या नावांबरोबर त्याचंही नाव घ्या. सेवास्तियान. शेवटी तो खरा चालला, एवढी आठवण ठेवा.