बारा ते दोनचा पहारा

शहाण्णव साली लातूरच्या त्या गल्लीत भिंती दिसत नसत, पाट्या दिसत. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, पुन्हा भौतिकशास्त्र. सकाळी सहाला सायकलींची अशी दाटी व्हायची की दूधवाल्याला वाट मागावी लागे. या सगळ्यात इतिहासाची पाटी एकच, तीही एका जिन्याखाली. अमरनाथ सर, स्पर्धा परीक्षा. खोलीत चाळीस पोरं-पोरी मांडीला मांडी लावून बसत आणि सर त्यांना शिकारी टोळ्यांपासून छापखान्यापर्यंत, मातीच्या भांड्यापासून दर्यावर निघालेल्या गलबतांपर्यंत सगळं जग तीन महिन्यांत फिरवून आणत.

शिकवणं मात्र ऐकत राहावं असं. घरात शिवकीर्तन मुरलेलं, त्यामुळे सरांना साधं बोलणं जमतच नसे. एक सूत्र धरायचं, ते घोळवायचं, चार दृष्टांत द्यायचे आणि फिरून पुन्हा तिथंच समेवर यायचं. धान्य उरलं म्हणून मोजावं लागलं. मोजलं म्हणून खूण करावी लागली. खुणेवरून अक्षर आलं, अक्षरावरून राज्य आलं. पोरं वहीवर बोटांनी ठेका धरत आणि पाठ करायची गरजच उरत नसे.

एकदा उजमा नावाच्या पोरीनं विचारलं, "सर, हे सगळं एकाकडून दुसऱ्याकडं गेलं म्हणता. मग देणाऱ्यांची नावं कुठं हायत?"

"नावं परीक्षेला येत नाहीत," सर म्हणाले. वर्ग हसला. उजमा हसली नाही.

सरांचं गाव कवठगव्हाण, औशाच्या पुढं. त्र्याण्णवच्या भूकंपानं गावाची वरची आळी सगळी बसवली. दगडमातीची सात घरं, सातही एकमेकांच्या अंगावर आली. त्यातलं एक अमरनाथचं. त्या पहाटे तो लातूरच्या खोलीवर होता आणि वडील, ईश्वरप्पा, विसर्जनाच्या भजनाहून परतून देवळाच्या ओट्यावरच झोपले होते, म्हणून दोघे राहिले. आई, उमाबाई, घरात होती.

पुढं सरकारनं दोन कोस पलीकडं नवं गाव बसवलं. एकसारखी घरं, एकसारखे रस्ते. देवाचं लिंग पत्र्याच्या मांडवात आलं. आणि दोन वर्षं खंडलेला श्रावणातला शिवनाम सप्ताह पुन्हा बसवायचा, असं ईश्वरप्पांनी ठरवलं.

सप्ताह म्हणजे सोमवारी दुपारी दोनला वीणा गळ्यात घ्यायची ती पुढच्या सोमवारी दोनलाच उतरवायची. मधे ती जमिनीला टेकवायची नाही, तार थांबू द्यायची नाही. दोन-दोन तासांचे चौऱ्याऐंशी पहारे, आणि एकेक पहारा एकेका घराकडं पिढ्यान्‌पिढ्या आलेला. देण्याघेण्याची रीतही ठरलेली. पुढचा आला की "शरणार्थ" म्हणायचं, दोघांनी एकमेकांच्या पायाशी वाकायचं, वाकता-वाकताच पट्टा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा. तोंडाकडं पाहायचं नाही. कोण आलं हे विचारायचं नाही. साक्षात देवच पहाऱ्याला आला असं समजायचं. मग पहारेकऱ्यानं वहीत आपल्या नावापुढं सही किंवा अंगठा करायचा.

ती वही पाशामियाँकडं. पाशामियाँ औशाचे घड्याळजी. त्यांच्या वडिलांपासून सप्ताहाची वेळ या घराकडं. मांडवाच्या तोंडाशी तरटावर बसायचं, पुढ्यात गजराचं घड्याळ, आणि दर दोन तासांनी घंटेचा टोल द्यायचा.

पहाऱ्यांची यादी लिहायचं काम अमरनाथकडं आलं. त्यानं ते लातुरात दोन तासिकांच्या मधल्या वेळात उरकलं. जुनी वही समोर ठेवली आणि चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी नावं होती तशी नव्या वहीत उतरवून काढली. दुसऱ्या दिवशी झेरॉक्स मांडवाच्या खांबाला लागली, देवापुढं मोठ्यानं वाचली गेली, आणि वाचणारा बसवंत एकाएकी अडखळला.

दुपारी बारा ते दोनचे सातही पहारे वरच्या आळीचे होते. सात घरं, सात दिवस. यादीतल्या त्या सात नावांतलं एकही माणूस जिवंत नव्हतं. शेवटच्या सोमवारचं नाव होतं उमाबाई ईश्वरप्पा.

अमरनाथनं पेन काढलं तेव्हा बापानं त्याचा हात धरला. देवापुढं वाचलेली यादी खोडायची रीत नव्हती.

"वाचलंय ते वाचलंय," ईश्वरप्पा म्हणाले. "सहा दिवस कोणबी उभं ऱ्हाईल. शेवटचा पहारा तुझ्या आईचा हाय, तो तू करायचा. मी सात दिवस दुधावर हाय अमर. वीणा टेकली तर माझंबी टेकलं समज."

म्हाताऱ्याचं वय चौऱ्याहत्तर. हे बोलणं दमदाटीचं नव्हतं, हिशेब सांगावा तसं होतं. अमरनाथनं सोमवारी अकराच्या आत येतो म्हणून शब्द दिला आणि लातूरला गेला.

शनिवारी पाचच्या सुमाराला तो गावी चक्कर टाकायला आला. मांडवात वीणा चालू होती, पाच-सहा बाया टाळ घेऊन बसल्या होत्या. बाप खांबाला टेकून होता, डोळे खोल गेलेले, पण चेहरा निवांत. दुपारचे पहारे कोण करतंय, असं अमरनाथनं बसवंतला विचारलं. त्याचा पहारा रोज दहा ते बारा.

"कोण की. बाराचा टोल झाला की पुढ्यात येऊन कोणीतरी वाकतं. मी वाकून देतो," बसवंत म्हणाला. "तुम्हीच कोणाला सांगितलं असंल असं धरून चाललो."

अमरनाथनं कोणालाच सांगितलं नव्हतं. तो पाशामियाँपाशी गेला आणि वही मागितली.

मंगळवारच्या दुपारच्या नावापुढं एक अक्षर होतं. हातानं लिहिलेलं नव्हे, छापखान्यातला खिळा शाईत बुडवून दाबावा तसं; काळं, कोनदार, परदेशी, जुन्या वळणाचं. बुधवारच्या नावापुढं शेंदरी लाल रंगाचा चौकोनी शिक्का, आत बारीक घरं पाडल्यासारखी चित्रलिपी. गुरुवारी बोरूनं ओढलेली एक लांब रेघ, उजवीकडून डावीकडं गेलेली, शेवटी तीन टिंबं. जहाजावरच्या मालाच्या गाठोड्यावर सौदागरानं करावी तशी.

शुक्रवारच्या चौकटीत शाई नव्हती. कागदच उठलेला होता. बोट फिरवल्यावर कळलं, बैल आहे. एका शिंगाचा, खांद्यावर घड्या असलेला, पुढ्यात गव्हाण.

शनिवारची खूण आज दुपारचीच. पाचरेच्या आकाराचे बारीक खोल ठसे, ओल्या मातीत काडी टोचावी तसे. कागद फाटला नव्हता. कागद मातीसारखा दबला होता.

अमरनाथ माणूस हिशेबी. त्यानं आधी हसून पाहिलं. आपल्याच वर्गातल्या एखाद्या टारगट पोराचं काम, असं मनाशी म्हणाला. मग आठवलं, कवठगव्हाणचं एकही पोर त्याच्या वर्गात नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. छापखाना, चीनचा शिक्का, सौदागर, सिंधूकाठची मुद्रा, सुमेरची माती. तो जे तीन महिन्यांत वरून खाली शिकवत येई, तेच इथं कोणीतरी खालून वर चढत निघालं होतं.

"चाचा, ह्या खुणा कोणी केल्या?"

पाशामियाँनी चष्मा पुसला. "सर, मी घड्याळ बघतो, मान्सं न्हाई. रीतच तशी हाय. वही फुडं करतो, हात येतो, खूण करून जातो."

"हात कसा होता?"

"कामाचा हात व्हता," पाशामियाँ म्हणाले. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "काल जरा बोट लागलं माझ्या बोटाला. भट्टीतनं काढलेल्या विटेसारखं गरम. लई जुनी ऊब वाटली, सर. मला भ्या न्हाई वाटलं. मला सलाम करावा वाटला."

पाचरांच्या आधी काय होतं, हे अमरनाथला पाठ होतं. लिहिणं यायच्या आधी माणसं धान्याची पोती मातीच्या गोळ्यावर नुसते खड्डे पाडून मोजत. उद्या रविवारी गोल खड्डे उमटतील, हे त्याला कळलं आणि त्यानं ते कोणाला सांगितलं नाही. त्याच्या आधी काय, याचा विचार मात्र त्यानं एसटीत बसल्यावर केला आणि तो अर्धवट सोडून दिला.

सोमवारी सकाळी आठ ते दहा उजळणी होती. पूर्वपरीक्षा सहा दिवसांवर. दहाला खडू खाली ठेवायचा, असं ठरवून तो उभा राहिला. पण त्या दिवशी रंग असा चढला की विचारू नये. कीर्तनकाराला कधी कधी होतं तसं झालं. आपण बोलत नाही, कोणीतरी बोलवून घेतंय. विस्तव राखणारी बाई, पहिलं बी पेरणारी बाई, मडकं भाजणारी, आणि एकीचं पाहून शिकलेली दुसरी. पोरं लिहायची थांबली होती. उजमाच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानं घड्याळ पाहिलं तेव्हा पावणेअकरा झाले होते.

बस औशापर्यंत आली आणि पुढं चार किलोमीटरवर टायर बसलं. अमरनाथ उतरून चालू लागला, मग पळू लागला. काळ्या रानातला चिखल चपलेला धरत होता. बारा वाजले तेव्हा तो अजून जुन्या गावाच्या शिवारात होता. वरच्या आळीवर आता नुसती बाभळीची झुडपं. त्यानं तिकडं पाहिलं नाही. गळ्यात वीणा घेऊन बसवंत किती वेळ उभा राहील? त्याच्याकडं आज महाप्रसादाचा स्वयंपाक. आणि बाप.

नव्या गावात शिरताना सव्वा वाजून गेला होता. सगळं गाव पलीकडच्या माळावर कढया चढवण्यात गुंतलेलं. मांडव रिकामा. तोंडाशी पाशामियाँ बसलेले, मान खाली, नजर घड्याळावर.

आतून तार ऐकू येत होती.

अमरनाथनं चपला काढल्या. आत अंधुक होतं, पत्र्याखाली गरम होतं, आणि एक वास होता. ओल्या मातीचा, धुराचा, भाजलेल्या धान्याचा.

लिंगापुढं कोणीतरी उभं होतं. वीणा गळ्यात होती.

त्यानं तोंडाकडं पाहिलं नाही. पाहायचं नाही हे आईनं शिकवलेलं. तो पुढं झाला, "शरणार्थ" म्हणाला आणि पायाशी वाकला.

पावलं बाईची होती. क्षणभर त्याच्या काळजात आशा हलली, आणि मग त्याला दिसलं, ही आईची पावलं नव्हेत. बोटं फाकलेली, जन्मात चप्पल न शिवलेली, टाचांना खोल भेगा. घोट्यापर्यंत माती लागलेली. आणि ती माती लाल होती. त्याच्या मुलखात दहा कोसांत जमीन काळी.

कपाळ त्या पावलांना लागलं. ऊन लागावं तसं ऊबदार.

समोरचंही कोणी त्याच्या पायाशी वाकलं. केसांना धुराचा वास होता. पट्टा त्याच्या गळ्यात आला. अतिशय हळू, तान्हं मूल दुसऱ्याच्या हाती द्यावं तसा.

तो ताठ झाला तेव्हा समोर लिंग होतं, बेलाची पानं होती. दुसरं काही नव्हतं.

तार मात्र तुटली नव्हती. ती त्याचंच बोट छेडत होतं.

भीती वाटायला हवी होती. त्याला रडू आलं. तो तसाच नाम घेत उभा राहिला आणि पाशामियाँनी वही पुढं केली, मान वर न करता. रविवारच्या चौकटीत सहा गोल खड्डे होते. सोमवारच्या चौकटीत, उमाबाईच्या नावापुढं, एक हात होता. तळवा कागदावर ठेवून भोवती तोंडानं गेरू फुंकावा तसा. हात कोरा आणि भोवती लाल. बाईचा लहानसा हात. अमरनाथनं त्याच्याखाली बॉलपेननं आपली सही केली. तिच्यापुढं ती सही फार पोरकट दिसली.

दोनचा टोल पडला. आता बाप येणार, वीणा घेणार, देवाशी लावणार.

त्यानं डोळे मिटले. पायाशी कोणीतरी वाकलं. "शरणार्थ," तो म्हणाला आणि वाकून पट्टा पुढच्या गळ्यात घातला. मान मोकळी झाली. बापाचे खांदे इतके उंच कधी झाले, असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं डोळे उघडले.

ईश्वरप्पा मांडवाच्या दाराशी होते. काठी टेकत, बसवंतचा हात धरून, अजून दहा पावलं लांब.

वीणा लिंगाशेजारी खुंटीला लागलेली होती. तार अजून हलत होती.

बापानं वीणेकडं पाहिलं, मग लेकाकडं. "टेकली का कुठं?"

"न्हाई, अप्पा."

"कोणाला दिलीस?"

"फुडचं आलं होतं," अमरनाथ म्हणाला.

म्हाताऱ्यानं मान हलवली, जणू हेच ऐकायला सात दिवस दुधावर काढले होते. बसवंतनं प्रसादाचा पहिला घास त्याच्या तोंडात घातला.

अमरनाथनं वही उचलली. यादी चौऱ्याऐंशीचीच, त्याच्या सहीखाली चौकट नव्हती. तिथं कोऱ्या कागदावर एक खूण होती. त्याला जगातल्या सगळ्या जुन्या लिप्या वाचता येत नसल्या तरी ओळखता येत होत्या. ही कोणतीच नव्हती. ती शाईची नव्हती, दाबलेली नव्हती, फुंकलेली नव्हती. बोट जवळ नेलं की ती किंचित सरकून बोटाला जागा करून देत होती.

त्यानं पाशामियाँकडं पाहिलं. चाचा घड्याळ कानाला लावून बसले होते.

"हात कसा होता, चाचा?"

"ह्या बारीला ऊब नव्हती, सर," पाशामियाँ म्हणाले. "अजून यायची हाय."