ऊन पाण्याचा हौद

एकाहत्तर सालच्या दिवाळीत मनकर्णाबाईंच्या गुडघ्यांनी साथ सोडली. तीस हिवाळे त्यांनी गहू-हरभऱ्याला दारं धरली होती. भल्या पहाटेपासून पोटरीभर गार पाण्यात उभं राहायचं आणि खोऱ्यानं एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात वळवायचं. नवरा गेल्यावर तर विहीर, इंजन, बैल, सगळंच त्यांच्या अंगावर पडलं. शेवगावपासून सहा मैलांवरच्या त्या मळ्यात त्या आणि सून पुष्पावती, दोघीच राहायच्या. मुलगा कानिफनाथ भिंगारला लष्कराच्या कारखान्यात फिटर होता. महिन्यातून दोन दिवस यायचा.

दिवाळीला आला तेव्हा आई ओसरीवरून अंगणात बसत बसत उतरताना त्यानं पाहिली.  पुढच्या खेपेला तो चार पोती सिमेंट घेऊन आला.

भिंगारला एका साहेबाच्या बंगल्यात नळ दुरुस्त करायला गेला असताना त्यानं पांढराशुभ्र टब पाहिला होता. साहेब त्यात गळ्याइतक्या ऊन पाण्यात तासभर बसायचा, म्हणे त्यानं कंबर मोकळी होते. तसा टब आणणं काही शक्य नव्हतं. पण विहिरीवरचं इंजन चालू असलं की त्याला गार ठेवणारं पाणी तापून पाईपातून बाहेर पडायचं आणि फुकट पाटात वाहून जायचं. कानिफनाथनं त्या पाईपाला एक बाक काढला, इंजनघराच्या भिंतीला लागून पाच फूट लांब, साडेतीन फूट रुंद हौद बांधला आणि आत समोरासमोर बसायला दोन पायऱ्या घेतल्या. एक आईला, एक बायकोला. भोवती तुराट्यांचा कुड घातला, दाराला गोणपाट टांगलं. त्या जागी आधी काहीच नव्हतं. मनकर्णाबाईंच्या सासऱ्यांच्या वेळेपासून तिथं नुसती हरळी माजायची.

पुष्पावतीनं मात्र हौदात पाय घातला नाही. तिला लाज वाटायची. गावाला तर बोलायला विषयच मिळाला. बाईमाणूस भरदुपारी हौदात बसतं, म्हशीसारखं. मनकर्णाबाईंचे दीर सहादेव शेजारच्याच वस्तीवर राहायचे. ते मुद्दाम येऊन सांगून गेले की चार लोकांत मान खाली घालायची वेळ आली.

"भावजी," मनकर्णाबाई म्हणाल्या, "चार लोकांचं गुडघं दुखत न्हाईत. माझं दुखत्यात."

पौषापर्यंत त्या काठीशिवाय चालू लागल्या. माघात शेवगावच्या बाजाराला जाऊन पायी परत आल्या. कानिफनाथनं विचारलं तेव्हा त्यांनी हौदाचं बरंवाईट दोन्ही सांगितलं. बरं एवढंच की पाय आपले वाटायला लागले. वाईट बरंच होतं. पाण्यावर तेलाचा तवंग येतो, लुगड्याला डिझेलचा वास राहतो, कडेला खाऱ्या पाण्याचं कीट धरतं, आणि उठल्यावर घटकाभर डोकं हलकं होतं. पाणी तेवढं वाया जात नाही. नंतर बुडाचं बूच काढलं की ते कोथिंबिरीच्या वाफ्याला जातं. तेलकट पाण्यावरची कोथिंबीर मात्र खाऊ नये.

आणखी एक गोष्ट होती. ती त्यांनी सांगितली नाही.

हौदात पाणी कुठवर घ्यायचं हे कळावं म्हणून त्यांनी खिळ्यानं आतल्या भिंतीवर एक रेघ ओढली होती. रेघेपर्यंत पाणी आलं की पाईप पाटाकडे वळवायचा. त्या आत बसल्या की पाणी रेघेच्या वर दोन बोटं चढायचं. रोज दोनच बोटं. फाल्गुनातल्या एका दुपारी ते चार बोटं चढलं.

मनकर्णाबाई उठल्या. पाणी दोन बोटं उतरलं. पुन्हा बसल्या, पुन्हा चार. त्यांनी पाईपाच्या तोंडात चिंधी कोंबली, थेंबसुद्धा आत येत नाही हे पाहिलं, आणि मग मोजलं. चारच. त्यांनी मनाशी म्हटलं, हौद एका अंगाला खचला असेल. दुसऱ्या दिवशी ताटात पाणी घेऊन ताट चारी कडांवर ठेवून पाहिलं. हौद सपाट होता.

त्यानंतर कधी दोन बोटं असायची, कधी चार. चार असायची त्या दिवशी गुडघे अधिक मोकळे व्हायचे, हेही त्यांच्या लक्षात आलं. कोणाला सांगावं असं त्यांना वाटलं नाही. सांगितलं असतं तर हौद गेला असता, आणि हौदाबरोबर पाय.

चैत्रातली गोष्ट. त्या पाण्यातून निघाल्या, कुडाशी उभं राहून केस पिळू लागल्या. पाणी दोन बोटं उतरलं होतं, ते त्यांनी सवयीनं पाहून घेतलं. तेवढ्यात मागं चुळुक असा आवाज झाला. जड बाई पाण्यातून उठताना होतो तसा. वळून पाहिलं तर हौदात कोणी नव्हतं, पाणी हलत होतं, आणि ते रेघेवर आलं होतं.

बाहेर पुष्पावती धुणं वाळत घालत होती. सासूच्या तोंडाकडे तिनं पाहिलं, नजर खाली वळवली.

"आत्याबाई, तुमी रोज दोनदा उठता का वो पान्यातनं?"

"का?"

"न्हाई. मला दोनदा आवाज येतो."

"येऊ दे," मनकर्णाबाई म्हणाल्या.  पण त्या दिवसापासून पुष्पावती धुणं गोठ्यामागं वाळत घालू लागली.

बहात्तरचा पाऊस आलाच नाही. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, पोळ्याला बैलांना धुवायला पाणी कुठून आणायचं हा प्रश्न पडला. तरी हौद चालू होता, कारण विहिरीला थोडं पाणी होतं आणि हौदातलं पाणी शेवटी वाफ्यालाच जायचं. दिवाळीनंतर विहिरीचा तळ दिसला. इंजन हवा ओढू लागलं. मनकर्णाबाईंनी ते बंद करून त्यावर गोणपाट टाकलं. हौदात शेवटचं भरलेलं रेघभर पाणी होतं. ते त्यांनी सोडलं नाही. अंगाला लावलंही नाही. दुष्काळात वापरायला पाणी असावं म्हणून वर फळ्या टाकून झाकून ठेवलं.

सहादेव दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. पन्नाशी उलटलेला माणूस, कमरेनं वाकडा झाला होता. पौषातल्या एका दुपारी काम लवकर सुटलं तसे ते थेट मळ्यात आले. लोक काय म्हणतात ते त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. हा हौद झाला आणि पाऊस गेला. विहिरीच्या पाण्याला विटाळ झाला. उद्या पाच-सहा जण पहारी घेऊन येतील, त्यापेक्षा वैनींनी आपल्या हातानं हौद फोडावा.

मनकर्णाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, आजूबाजूच्या सत्तर गावांत पाऊस पडला नाही, तिथं कोणाकोणाच्या बायका हौदात बसत होत्या?

 सहादेव तरातरा कुडात शिरले. आतून फळ्या सरकवल्याचा आवाज आला.

"वैनी, इंजन कवा बंद केलं?"

"आज विसावा दिस."

"पानी ऊन हाय."

मनकर्णाबाई आत गेल्या. पाण्यावरून वाफेचा पातळ पदर उठत होता. विहीर कोरडी, इंजन गार, त्यावर धूळ बसलेली. त्यांनी हात घातला. बसावं इतपतच ऊन होतं. भीती त्यांनाही वाटली. पण दिराच्या देखत हात बाहेर काढायचा नाही असं त्यांनी ठरवलं, आणि काढला नाही.

"तुमी बसा यात," त्या म्हणाल्या. "कंबर गेलीया तुमची. बसून बगा, मंग उद्या पहारी आना. तुमाला न्हाई अडवनार मी."

सहादेव हट्टी होते. नाही म्हणणं म्हणजे भ्यालो असं कबूल करणं झालं असतं. वहिनी बाहेर गेल्या, गोणपाट पडलं. पाण्यात माणूस उतरल्याचा आवाज आला. मग एक लांब सुस्कारा. कितीतरी दिवसांनी पाठ टेकलेल्या माणसाचा.

मनकर्णाबाई कुडाबाहेर उभ्या राहिल्या. समोर पुष्पावती गोठ्याच्या दाराशी उभी होती. डोईवर पांढरं ऊन होतं. कुठं चिमणीसुद्धा ओरडत नव्हती.

आत चुळुक आवाज झाला.

"वैनी," सहादेव अगदी हळू म्हणाले, "तुमी आत आलात का?"

"मी हितं भाईर हाय."

"आन् पुष्पा?"

"ती बी हितंच. माझ्या म्होरं."



"मंग पलीकडच्या पायरीवर कोन सरकलं?"

  आत पाणी हललं, काठावर आलं, सांडलं. कुडाच्या खालून एक ओघळ धुळीत आला आणि त्यांच्या पायाशी थांबला. तो ऊन होता.

सहादेव बाहेर आले ते ओल्या धोतरानं. पागोटं आतच राहिलं होतं. त्यांनी वहिनीकडे पाहिलं नाही. बांधावरून आपल्या वस्तीकडे चालू लागले. पुष्पावतीच्या आधी लक्षात आलं. सकाळी खडीवर जाताना वाकून चाललेला माणूस ताठ चालत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाजण आले. पुढं सहादेवच होते. हातात पहार होती, कंबर ताठ होती, आणि तोंडावर राखेची कळा होती. मनकर्णाबाई कुडाच्या दारात बसल्या होत्या.

"वैनी, उटा."

"कंबर कशी हाय?"

सहादेवांनी पहार एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"दुखती का?"

"न्हाई," ते म्हणाले. "म्हनूनच फोडायचा. फुकट कोनी काय देत न्हाई."

"माझं काय घ्यायचं ते मी देईन. माझा नवरा मेला, विहीर आटली, गोठ्यातला एक बैल गेला. तवा कुनी पहार घेऊन आलं न्हाई माझ्यासाठी. येक गोष्ट माझ्या जिवाला बरी झाली, तर सा जन आले." त्या उठून उभ्या राहिल्या, कशालाही न धरता. "भ्याव मला बी वाटतं भावजी. पन भ्याव वाटलं म्हनून जागा सोडायची, आसं मला कुनी शिकवलं न्हाई."

आणि सहाजणांच्या देखत त्या आत गेल्या. गोणपाट पडलं. अंगावरच्या लुगड्यासकट त्या पाण्यात उतरल्या.

पाणी चार बोटं चढलं.

समोरच्या पायरीवर काही नव्हतं. तिथलं पाणी तेवढं वेगळं होतं. थोडं अधिक स्थिर, तवंग नसलेलं. पाण्याखाली त्यांच्या गुडघ्यांना दुसऱ्या गुडघ्यांचा स्पर्श झाला. हाडकुळे, ऊन.

मनकर्णाबाईंनी पाय मागे घेतले नाहीत.

"बस," त्या म्हणाल्या, बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "तिकडची जागा तुझी. हिकडची माझी. मी उटनार न्हाई."

बाहेर पहार जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. मग पावलं, एकेक करून, बांधाकडे जाणारी. सहादेवांची सर्वांत शेवटी गेली. पुन्हा कोणी आलं नाही.

शिमग्यापर्यंत पाणी ऊनच राहिलं. त्या महिन्यात वस्तीवरची जनावरं तहानेनं बसू लागली. टँकर गावात यायचा, मळ्यात नाही. तेव्हा मनकर्णाबाईंनी स्वतःहून हौदातलं पाणी जनावरांना द्यायचं ठरवलं. आदल्या संध्याकाळी पाणी बादल्यांनी काढून रांजणांत भरलं, वरचा तवंग टिपून घेतला, सकाळपर्यंत ते निवू दिलं. सहादेवांनाही निरोप गेला. त्यांनी आपली म्हैस पाठवली, स्वतः आले नाहीत. जनावरांनी कुठलीही खळखळ न करता पाणी पिऊन टाकलं.

दुपारी मनकर्णाबाई विटेचा तुकडा घेऊन कोरड्या हौदात उतरल्या. कीट घासून ठेवायचं होतं. पाऊस कधी ना कधी येणार होता, आणि इंजन पुन्हा चालू होणार होतं, आणि त्या पुन्हा बसणार होत्या. हे त्यांनी पुष्पावतीला स्वच्छ सांगितलं. पुष्पावती काठावर वाकून उभी होती, उरलेल्या पाण्याच्या बादलीत हात घालून.

हौद बांधून पंधरा महिने झाले होते. समोरची, पुष्पावतीसाठी बांधलेली पायरी, जिच्यावर कोणी माणूस कधी बसलंच नव्हतं, ती मध्ये खोल झिजली होती. जुन्या देवळाचा उंबरा शेकडो वर्षांच्या पावलांनी झिजतो तशी, परातीएवढी, बोट घसरावं अशी गुळगुळीत. मनकर्णाबाईंनी तिच्यावरून तळवा फिरवला. मग मागे वळून आपली पायरी पाहिली, जिच्यावर त्या वर्षभर रोज दुपारी तासभर बसल्या होत्या.

तिच्यावर कीट नव्हतं, डाग नव्हता. गिलाव्यावर थापीच्या बारीक रेघा, कानिफनाथनं काल संध्याकाळी ओढल्यासारख्या, कोऱ्या होत्या.