नालवाडीच्या वाचनालयातलं व्याख्यान

सन एकोणऐंशीच्या पौषातली गोष्ट. नालवाडीच्या वाचनालयात त्या संध्याकाळी नागपूरचे एक कथालेखक बोलायला येणार होते. शाळेतल्या नलूबाई दोन पुस्तकं परत करायला म्हणून गेल्या, तर सचिव भैयाजींनी त्यांना दारातच गाठलं.

"बाई, आता घरी जाऊ नका. आभार तुमालेच मानायचे आहेत."

नलूबाई बसल्या. पुढच्या सतरंजीवर मनकर्णाबाई दिसल्या तेव्हा मात्र त्यांना उठून जावंसं वाटलं. मनकर्णाबाईंची कोकिळा ही नलूबाईंची जिवाची मैत्रीण. बारा वर्षांपूर्वी ती पवनारच्या सासरहून पळून आली, आणि दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या विहिरीत सापडली. त्या दुपारी माझी पोर तुमच्याकडे आली होती का, असं मनकर्णाबाई घरोघर विचारत फिरल्या होत्या. नलूबाई म्हणाल्या होत्या, "मी तर बजाराले गेलती, काकू."

दिवेलागणीला वीज गेली. कुणीतरी टेबलावर कंदील आणून ठेवला. खोलीत जुन्या कागदांचा वास होता. त्यात हळूहळू शेवाळाचा ओलसर वास मिसळत गेला. टेबलामागच्या खुर्चीत कुणीतरी येऊन बसलं. अंगावर शाल, चेहरा अंधारात. आवाज पुरुषाचा, खोल, सावकाश.

"एक लेक भर उन्हात अनवाणी चालत आली... मैत्रिणीच्या दाराशी उभी राहिली... घोटभर पाणी मागितलं..."

नलूबाईंनी पदर तोंडाशी नेला.

"आत कुणीतरी श्वास रोखून उभं होतं... कोण होतं ते?"

सगळ्यांना ठाऊक आहे, सगळे आपलीच वाट पाहताहेत, असं नलूबाईंना वाटलं. त्या उभ्या राहिल्या.

"मी होती," त्या म्हणाल्या. "मले सासरी बोल लागंल म्हणून दार उघडलं नाई मी कोकिळेले..."

चुळबूळ झाली. भैयाजी लगबगीनं जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई... कोणाले सांगून राह्यल्या तुमी? पाहुण्यांची जीप अजून यायचीच आहे."

नलूबाईंनी पाहिलं. खुर्ची रिकामी होती. "आत्ता तर तो माणूस इथं बोलून राह्यला होता," त्या म्हणाल्या.

शाळेतल्या मुलांचे बाप खाली सतरंजीकडे पाहत बसले. ते नजर चुकवणं नलूबाईंना शिव्यांहून जड गेलं. मनकर्णाबाई वळल्या, तेव्हा काकूंनी एक थोबाडीत द्यावी, म्हणजे सुटू, असंच नलूबाईंच्या मनात आलं.

पण म्हातारी शांत होती.

"मीबी आयकलं," ती म्हणाली. "पण आवाज पुरुषाचा नव्हता वं, नलू."

पुन्हा ती खुर्चीकडे वळली. कान देऊन, मधूनच मान हलवत ऐकू लागली. लेक माहेरी आल्यावर आई ऐकते तशी. नलूबाईंना आता काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त कंदिलाची वात फुरफुरत होती.

"ती म्हणते..." मनकर्णाबाई थांबत थांबत बोलल्या, "दार तर उघडंच होतं... तिले येताना पाहून तू कडी लावली."

हे नलूबाईंनी नवऱ्याला सांगितलं नव्हतं. देवासमोरसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं. आत्ता भर सभेत कबुली देतानाही तेवढं त्यांनी मागं ठेवलं होतं.

"खरं हाय?"

नलूबाईंनी मान खाली घातली. "हाय," त्या कशाबशा म्हणाल्या.

बाहेर जीपचा भोंगा वाजला. हार घेऊन भैयाजी दाराकडे निघाले. मनकर्णाबाईंनी खुर्चीवरची नजर न काढता हात वर केला.

"थांबवा त्याईले बाहेरच... तिचं बोलणं अजून संपलं नाई."