मुचकुंदाचा शेला

“खेमसिंगले जो कोणी उठवन, तो...”

चक्कीवर एवढंच कानावर पडलं आणि रुक्माबाईला पाहून बायका गप्प झाल्या. गव्हाचा डबा खाली ठेवत तिनं विचारलं, “तो काय? सांगा की व.” कोणी सांगेना. गल्लीतली गोष्ट आपल्याला अर्धी कळावी, हे काही तिला सोसण्यासारखं नव्हतं.

ती तडक शेजारच्या खेमसिंगच्या घराकडे निघाली. तिच्या चपला फटफट वाजत आणि दोन्ही बाजूंच्या घरांच्या टिनपत्र्यांवरून तो आवाज परत येई. “काकू एकटी येतच नाही, वरात घेऊन येते,” असं सारी गल्ली म्हणायची.

खेमसिंगची बायको उर्वशी अंगणात नळापाशी बसली होती. डोळे सुजलेले.

“काय झालं ते सरळ सांग बाई. डोकं फिरून राह्यलं माझं.”

उर्वशीनं हळूच सांगितलं. परवा गावात कृष्णलीलेचा खेळ झाला. खेमसिंग त्यात मुचकुंद राजा होता. देवांसाठी लढून थकलेला हा राजा गुहेत युगानुयुगं झोपतो. त्याची झोप मोडणाऱ्यावर पहिली नजर पडली की तो भस्म, असा त्याला वर. कृष्ण आपला शेला त्याच्यावर टाकून लपतो. पाठलाग करणारा कालयवन त्यालाच कृष्ण समजून लाथ मारतो आणि जळतो. मंडळाची जुनी रीत अशी, की खेळ संपल्यावर कृष्ण झालेल्यानंच शेला काढायचा आणि म्हणायचं, “राजा, काम झालं, घरी चल.” यंदा लाइन गेली. कृष्ण झालेल्या नेमसिंगला पांढरकवड्याला ट्रकवर हजर व्हायचं होतं, तो तसाच अंधारात निघून गेला. त्याचा फोन लागत नव्हता. आणि घरी उचलून आणलेला खेमसिंग अजून शेल्याखालीच होता.

“डॉक्टर म्हणते, पुसदले न्या, पोटात पाण्याचा थेंब नाही, जीवाले धोका हाय. पण आता खाटेले हात लावाले कोणी तयार नाही, काकू. डोळे उघडले तर...”

“एवढे मिशावाले गडी, अन् नाटकातल्या राजाले भेतेत.” रुक्माबाईनं कपाळावर हात मारला. “अन् तू? नवरा हाय ना तुया?”

“पोट्टी लहान हाय, काकू.”

रुक्माबाई जराशी नरमली. “बस इथंच. मी जातो. माझ्यासाठी रडाले कोण बसलंय?”

चपला उंबऱ्याबाहेर काढून ती आत शिरली. भर दुपारी आत काळोख. खिडक्यांत गोधड्या कोंबलेल्या. रंगाच्या, तेलाच्या वासाखाली काहीतरी करपल्याचा वास. खाटेवर पिवळा शेला सावकाश वरखाली होत होता.

मागे अनवाणी पावलं वाजली.

“आली ना शेवटी,” रुक्माबाई न वळता पुटपुटली. “दारातच थांब.”

पावलं थांबली.

तिनं शेल्याचं टोक धरलं. “राजा... काम झालं. घरी चल.”

शेला सरकला. डोळे उघडले. त्यांत झोप नव्हती. ते तिच्या खांद्यावरून दाराकडे पाहत होते. भट्टीचं तोंड उघडावं तशी झळ तिच्या कानाजवळून गेली... मग ते डोळे तिच्याकडे वळले.

“माणसं एवढी लहान कशी झाली?” आवाज खेमसिंगचा नव्हता.

मग पापण्या मिटल्या, पुन्हा उघडल्या, आणि खेमसिंग आपल्या नेहमीच्या घोगऱ्या आवाजात पाणी मागू लागला.

“उर्वशे, पाणी दे.”

“आणतो व काकू.” उत्तर बाहेरून, नळापासून आलं.

रुक्माबाई वळली. दारात राखेचे दोन ठसे होते. पावलांएवढे, बोटं खाटेकडे. अजून गरम.

पाणी पिऊन खेमसिंगनं विचारलं, “काकू, तुमच्यासंगं कोण आलती?”

रुक्माबाईनं राख पदरानं पुसून घेतली.

संध्याकाळी ती डबा आणायला चक्कीवर गेली. “उठवन तो भस्म होते म्हणत होत्या ना? मी उठवलं. घ्या, पाहा धडधाकट.” बायका सुटल्यासारख्या हसल्या. राखेचं मात्र तिनं सांगितलं नाही. तिच्या पोटात गोष्ट राहिली, असं गल्लीत पहिल्यांदाच घडलं.

डबा कमरेवर घेऊन ती घरी निघाली. गल्ली तीच, टिनं तीच. चपला फटफट वाजत होत्या.

टिनांवरून काहीच परत येत नव्हतं.