मनवाची फुंकर

ठाण्यातल्या त्या तपासणी केंद्राखाली ज्यूसची गाडी लागायची. जेवणाच्या सुट्टीत मेघाली खाली आली, तेव्हा एक माणूस सहा-सात वर्षांच्या मुलीच्या हातात मोसंबीचा रस देत होता. त्याच्या काखेतल्या फाईलवर केंद्राच्याच शिक्क्याखाली लिहिलं होतं – फ्रुक्टोज, उद्या सकाळी आठ.

"अहो काका, तो रस नका देऊ तिला."

तो वळला. "काका? एवढा म्हातारा दिसतो मी?"

मेघाली ओशाळून हसली. फळांतली साखर मुलीला पचते की नाही, ते श्वासावरून तपासायचं काम तिचंच होतं. आदल्या दिवशी फळ चालत नाही, हे तिने समजावलं. बोलता बोलता कळलं, मुलीचं, मनवाचं, अँटिबायोटिक कालच संपलेलं. त्या औषधाने तपासणीचे आकडे चुकतात, म्हणजे आणखी चार आठवडे थांबणं आलं.

"चार आठवडे करू काय मी?" त्याचं नाव देवेश, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता.

"फुंकायला शिकवा हिला. श्वास रोखायचा, मग नळीतून हळूहळू सोडायचा. मुलं ऐन वेळी घाबरतात."

"मलाच कुठे येतं... तुम्ही शिकवाल?"

मग दर शनिवारी संध्याकाळी तिघं तलावपाळीवर भेटू लागली. मनवा साबणाचे फुगे सोडायची, मेघाली आकडे मोजायची. मधेच पोट धरून मनवा वाकली की देवेश तिला मांडीवर घेई. समीक्षा, त्याची बायको, आठ महिन्यांपासून नाशिकला माहेरी होती. घटस्फोटाचे कागद तयार होते, सह्या राहिल्या होत्या. त्याने काही लपवलं नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी एक फुगा मेघालीच्या गालावरच फुटला. पुसायला देवेशचा हात पुढे आला... आणि अधांतरी थांबला.

"पूस ना," ती म्हणाली. पहिल्यांदाच 'तू'.

त्याने पुसलं. जरा जास्तच वेळ लावून.

"टेस्ट झाली की तुला एक विचारायचंय."

"आत्ताच विचार."

"नको. तू हो म्हणालीस तर मनवाला काय द्यायचं नाही, सगळं विसरेन मी."

त्या दिवशी मानपाड्याला घरी पोचेपर्यंत मेघाली एकटीच हसत होती.

चौथ्या शनिवारी मात्र मनवाने तोंड घट्ट मिटलं. सोमवारी टेस्ट. गोड पाणी प्यायचं, तीन तास उपाशी बसून दर अर्ध्या तासाने फुंकायचं... ती ऐकून घेई आणि नकारार्थी मान हलवी. "मम्मी आली तरच."

देवेशने सगळं करून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "राहू दे टेस्ट."

"रोज पोट दुखतंय तिचं. समीक्षाला फोन कर."

"आणि ती आली... राहिली तर?"

मेघालीला हे कळत होतं. पुढचे चार शब्द तिने पाण्याकडे बघतच उच्चारले.

"तर राहू दे तिला."

समीक्षा रविवारीच आली. मनवाला तिनेच टेस्टआधी चालणारा पांढरा भात आणि उकडलेली अंडी भरवली. सोमवारी आईच्या मांडीवर बसून मनवाने पहिली फुंकर मारली – लांब, एकसारखी, मेघालीने शिकवली होती अगदी तशी.

दर अर्ध्या तासाने मेघाली नळी घेऊन जात होती. दुसऱ्या वेळी नवरा-बायको दोन खुर्च्या सोडून बसले होते. चौथ्या वेळी मनवाचं पोट दुखायला लागलं, तेव्हा दोघांचे हात तिच्या पोटावर होते. सहाव्या वेळी समीक्षा देवेशच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. मशीनवरचा आकडा चढतच होता. मेघालीने तो नीट लिहून घेतला.

शेवटच्या फुंकरीनंतर देवेश तिच्या मागोमाग पॅसेजमध्ये आला.

"मेघाली... समीक्षा राहतेय."

"दिसलं."

"तू फोन करायला लावला नसतास तर—"

"तर मनवाने फुंकलं नसतं."

"मी तुला विचारणार होतो, खरंच."

"आता नका विचारू," ती म्हणाली. "तुम्ही आत जा, मनवाला भूक लागली असेल."

'तुम्ही' ऐकून तो क्षणभर थांबला. मग गेला.

फळांतली साखर मनवाला पचत नव्हती. पथ्याचा कागद घेताना समीक्षाने मेघालीचा हात हातात घेतला. डोळे सुजलेले, पण बाई मनापासून बोलत होती. "हे म्हणाले, मला बोलवायला तुम्हीच सांगितलंत. तुम्ही नसतात तर माझं घर गेलं होतं. एकदा जेवायला या ना आमच्याकडे."

समोर देवेश मनवाच्या बुटांचे बंद बांधत होता. त्याने मान वर केली नाही.

"येईन," मेघाली म्हणाली.

समीक्षाने पुढे दोनदा फोन करून आग्रह केला. दोन्ही वेळा मेघालीने ड्युटी असल्याचं सांगितलं. तिसरा फोन आला नाही, आणि तो फोन आता येणारच नाही हे कळलं, त्या दिवशी तिला रडू आलं.