ज्याचं उत्तर त्यानेच द्यायचं

तिने दंड धरला तो आपल्या आत्याचाच, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

शंका यायला आधी दिसायला तर हवं! त्या शनिवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर वीसेक म्हातारी माणसं आणि त्यांची काळजी घेणारी त्यांच्या घरची माणसं शिकायला जमली होती. वर्ग घेणाऱ्या सिस्टरबाईंनी घरच्या माणसांना व्हॅसलीन फासलेले चष्मे घातले, कानांत कापूस कोंबला, हातांत जाड मोजे चढवले आणि म्हणाल्या, "आज तुम्ही म्हातारे. तुम्हाला सांभाळणार हे." म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावेना.

पण अंगवळणी पडलेली गोष्ट अशी सुटते थोडीच. आत्या पाणी प्यायला थांबली आणि हिला समोर एक राखाडी स्वेटर धूसर दिसला. आत्याचाही राखाडीच होता. दंड नेहमीपेक्षा भरदार लागला तेव्हा तिला उलट बरंच वाटलं, नवीन व्यायामाचा गुण आला म्हणायचा. कुठेही गेलं की आधी बाथरूम हेरून ठेवायची तिची पद्धत होती. त्यामुळे चष्मा असून नसून सारखाच होता.

"हळू. घाई नाही आपल्याला. इथे उंबरठा आहे... हां. आता जाऊन ये. मग ऐन वेळी धावपळ होते."

राखाडी स्वेटर मुकाट्याने आत गेला.

मागून आत्याचं खो-खो हसणं कापसातूनही ऐकू आलं. हिने चष्मा काढला. दारातून एक उंचापुरा तरुण माणूस बाहेर येत होता, चष्मा कपाळावर, मोजे काखेत.

"मला तशी गरज नव्हती," तो म्हणाला, "पण तुमचा आवाजच असा होता की... नाही म्हणवेना."

ती दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करायची. तिने 'आ करा' म्हटलं की बाहेर बसलेली माणसंसुद्धा तोंड उघडायची. आज पहिल्यांदाच तिला स्वतःचा आवाज सापडेना. कानाच्या पाळ्या तेवढ्या गरम झाल्या.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि आजोबांना घेऊन आला होता. आत्याने त्याचं नाव लगेच 'लिफ्टवाला' ठेवून टाकलं.

"आवडला का गं?" घरी जाताना तिने विचारलं.

"आत्या, पायाखाली बघ."

आत्या शाळेत व्यायाम शिकवायची. आईबापाविना राहिलेल्या या भाचीला तिने एकटीने वाढवलं. आता तिचे हात थरथरायचे, पाऊल मध्येच अडायचं, आणि भाची सावलीसारखी बरोबर असायची. मागे एकाशी हिचं लग्न अगदी ठरत आलं होतं. तेव्हा त्याने गोड आवाजात विचारलं होतं, "बाकी सगळं छान आहे, पण आत्यांचं काय?" ती तिथून उठली ती उठलीच. तो प्रश्न पुन्हा ऐकायचा नाही, आणि त्यासाठी कुणालाही तो विचारण्याइतकं जवळ येऊ द्यायचं नाही, असा तिने स्वतःपुरता कायदाच करून टाकला होता.

पुढच्या शनिवारी सिस्टरबाईंनी नवा नियम काढला. प्रश्न ज्याला विचारला, उत्तर त्यानेच द्यायचं. मध्ये तोंड घालणाऱ्याने पेपरमिंटची गोळी तोंडात धरून भिंतीजवळच्या बाकावर बसायचं.

"आत्या, झोप कशी लागते?" सिस्टरबाईंनी विचारलं.

"लागते, पण पहाटे तीनदा..." उत्तर अर्थातच भाचीने दिलं.

गोळी. ती बाकावर जाऊन बसली. दोन मिनिटांत शेजारी लिफ्टवाला येऊन टेकला, त्याचाही गाल फुगलेला. आजोबांना काय आवडतं हे त्याने सांगून टाकलं होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हसू आवरता आवरता तिचे डोळे पाण्याने भरले. त्याने रुमाल पुढे केला. रुमालाला ग्रीसचा वास होता. तिला तो आवडला, आणि आवडला म्हणून ती स्वतःवरच चिडली.

नंतर चहाच्या टेबलाशी तो म्हणाला, "दातांच्या दवाखान्यातली माणसं गोळ्या खातात?"

"लिफ्टवाली माणसं जिने चढून येतात?"

"त्यात काय, मला लिफ्टची सगळी अंडीपिल्ली माहीत आहेत." तो हसला. "बंद पडली की आत अडकलेल्या माणसाशी मला बाहेरून बोलत राहावं लागतं. काहीही बोलायचं, पण थांबायचं नाही. म्हणून जरा बडबड्या झालोय."

"जरा?"

"बघा... तुम्हीपण बोलायला लागलात."

तिसऱ्या शनिवारी पडल्यावर उठायचं कसं ते शिकवलं. म्हातारी माणसं सतरंजीवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून खुर्चीला धरून आपापली उठली. आत्याने तर सगळ्यांना शिस्तीत दोनदा उठवलं. जिन्याच्या खिडकीतून पावसाची बारीक भुरभुर आत येत होती. तिथे त्याने तिला गाठलं. आज बडबड कुठे गेली होती कुणास ठाऊक.

"एक विचारू? पुढच्या आठवड्यात... तुम्ही आणि मी... नुसतं चालायला जाऊ या का नदीकाठी? तासभर."

तिला हो म्हणावंसं वाटलं. इतकं वाटलं की भीतीच वाटली.

"आत्याला एकटं सोडता येत नाही."

"त्यांना विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? मला माहीत आहे." तिचा आवाज चढला. "आणि पुढचंही माहीत आहे. आज तासभर, उद्या दोन तास, आणि मग एक दिवस तुम्ही म्हणाल, आत्यांचं काय. त्यापेक्षा नकोच ते."

तो हळूच म्हणाला, "माझं उत्तरही तुम्हीच दिलंत." आणि जिना उतरून गेला.

तो आठवडा तिला खायला उठला. दवाखान्यात तिने एका माणसाला चुळीचा पेला समजून टेबलावरची फुलदाणी दिली. शेवटच्या शनिवारी जायलाच नको असं तिने ठरवलं, पण आत्या चपला घालून दारात उभी होती.

शेवटच्या दिवशी बोलायचं ते फक्त म्हाताऱ्यांनी. आपल्या माणसाला जे कधी सांगितलं नाही, ते सांगायचं. आजोबांनी आपल्याला नातवाच्या हातची मऊ भाताची खिमटी अजिबात आवडत नाही असं जाहीर केलं, तेव्हा हशा पिकला. मग आत्या उभी राहिली. हात थरथरत होते, आवाज मात्र मैदानावरचा होता.

"मला रोज थोडा वेळ घरात एकटं राहायचंय," ती म्हणाली. "रेडिओ मोठ्याने लावून. ही सतत मागे असते. माझं प्रेम आहे हिच्यावर, पण श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. आणि माझ्या नावाखाली ही काय काय नाकारते, ते मला पसंत नाही. मला एकदा तरी विचारावं."

"पण आत्या, तू पडलीस तर..."

"तर उठेन. गेल्या आठवड्यात उठले ना?"

भाची खुर्चीत बसून राहिली. तिला वाईट वाटलं, मग लाज वाटली, आणि मग खांद्यावरचं ओझं कुणी न विचारता उतरवून घ्यावं तसं हलकं हलकं वाटलं. इतकी वर्षं तिने आत्याला सांभाळलं होतं, आणि आत्या तिला सांभाळून घेत होती.

वर्ग संपला. खुर्च्या सरकवायचे आवाज येत होते. ती सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. आता तो प्रश्न दुसऱ्या कुणी विचारायच्या आत तिला स्वतःच मिटवायचा होता.

"माझं चुकलं. पण एक स्पष्ट सांगते. आत्या कायम माझ्याबरोबर राहणार. आत्यांचं काय, असं मला कधीही..."

"थांबा," तो म्हणाला. "तुमच्या घरात आत्या आधीपासून आहेत. नवीन कुणी येणार असेल तर तो मी, आजोबांना घेऊन. तेव्हा प्रश्न त्यांना विचारायला हवा, माझं काय."

आणि तो खरंच वळला, आत्याच्या खुर्चीसमोर दोन्ही गुडघे टेकून बसला.

"आत्या, मला तुमची भाची फार आवडते. लग्न करावं म्हणतो. तुमचं काय म्हणणं आहे?"

आत्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"माझं म्हणणं म्हणशील तर माणूस बरा दिसतोस," ती म्हणाली. "आजोबांनाही आण, मला पत्त्यांत हरवायला कुणीतरी हवंय. पण लग्न मला करायचंय का? तिचं उत्तर मी देणार नाही. तिला विचार."

तो उठला, तिच्याकडे वळला. विचारलं मात्र नाही, नुसता थांबला.

सगळ्या जगाची उत्तरं तिच्या जिभेवर तयार असायची, हे मात्र तिचं स्वतःचं होतं. आत्याकडे बघायचा मोह झाला. तिने बघितलं नाही.

"हो," ती म्हणाली. मग तिला ते फार बारीक वाटलं, म्हणून दवाखान्यातल्या आवाजात पुन्हा म्हणाली, "हो. मला तू हवा आहेस."